बाबा आर्णीजवळच्या गावात, डॉक्टर नागपुरात, मी पुण्यात: घरबसल्या तपासणीचं पॅकेज घ्यावं का?

पळसफूल | ४ जुलै, रात्री ९:४०

मंडळी, लांबलचक लिहितेय. थोडक्यात सांगितलं तर सल्लाही थोडकाच मिळेल.

बाबा ७१ वर्षांचे. गाव आर्णी तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. हृदयाचं पंपिंग ३५ टक्के, जोडीला शुगर आणि बीपी. गेल्या दीड वर्षात दोनदा फुप्फुसात पाणी झालं. दोन्ही वेळा रात्रीच. दोन्ही वेळा गाडी करून आधी यवतमाळ, मग नागपूर. दुसऱ्या खेपेला नंतर कळलं की दम आठ दिवस आधीपासून लागत होता. मी रोज फोन करत होते आणि रोज उत्तर एकच, "बरं हाय." सोयाबीनचं डवरण सुरू होतं, मधे दवाखाना नको होता.

घरी आई, चौथी शिकलेली. शेजारी चुलत भाऊ राहतो, त्याच्याकडे स्मार्टफोन आहे, पण दिवसभर तो वावरात.

आता नागपूरच्या दवाखान्यातून एक पॅकेज सुचवलंय. ब्लूटूथवालं बीपीचं मशीन, ऑक्सिमीटर, शुगरचं मशीन, छातीला चिकटवायची ईसीजीची पट्टी आणि सगळ्याचे आकडे जिथे जातात ते अॅप. महिन्याचे पैसे बाबांच्या औषधांइतकेच. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, चोवीस तास मॉनिटरिंग." हे वाक्य मला खूप आवडलं, म्हणूनच शंका येतेय.

कुणी वापरलंय का असं काही? गावात, म्हणजे खरोखरच्या गावात?

---

वऱ्हाडी_ठेचा | ४ जुलै, रात्री १०:१५

ताई, आमच्या घरी करोनातलं ऑक्सिमीटर हाय. आमच्या मायनं हाताले मेंदी लावली होती अन् मशीन दाखवे ८८. सारं घर हादरलं. मोठा भाऊ गाडी काढून तयार. तेवढ्यात आशाताई आली, पायाच्या बोटाले लावून पाह्यलं तं ९७! तवापासून थे मशीन देवघरात पडून हाय, बॅटरी फुगली.

मशीन घेणं सोपं हाय. पाहणारा कोण हाय थे पहा.

---

जुना_स्टेथो | ५ जुलै, सकाळी ७:०५

वर्धा जिल्ह्यात फिजिशियन आहे, वीसेक वर्षं झाली. ठेचाभाऊंचं शेवटचं वाक्य सोन्याचं आहे, आता त्यावरच जरा पाल्हाळ लावतो.

हृदय कमजोर असलेल्या माणसाच्या अंगात पाणी साठतं ते एका रात्रीत नाही, चार-आठ दिवस साठत असतं. तुमच्या बाबांचे ते आठ दिवस. या काळात ऑक्सिमीटर ९६-९७ दाखवत बसतो. त्याचा आकडा पडतो तेव्हा तुम्ही गाडीतच असता. ईसीजीची पट्टी ठोक्यांची लय सांगेल, पाणी सांगणार नाही. पाणी सर्वांत आधी कोण सांगतं? वजनकाटा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, इतका सरळ हिशेब आहे. गंमत म्हणजे तुमच्या पॅकेजमध्ये काटाच नाही.

रोज सकाळी उठल्यावर, लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, साधारण त्याच कपड्यांत उभं राहायचं आणि आकडा लिहायचा. तीन दिवसांत दोन किलोच्या वर चढलं तर डॉक्टरला फोन, हे जगभर वापरलं जाणारं माप आहे. तुमचे डॉक्टर बाबांसाठी याहून कमी आकडा ठरवून देऊ शकतात, तो त्यांच्याकडून लिहूनच घ्या. सोबत तीन प्रश्न: पायावर सूज? रात्री दमामुळे डोक्याखालच्या उशा वाढल्या? मोरीपर्यंत जाताना दम? "बरं आहे का" हा प्रश्न विचारूच नका. आपल्याकडे त्याचं उत्तर ठरलेलं असतं.

"चोवीस तास मॉनिटरिंग"बद्दल दोन अभ्यास सांगतो, दोन्ही मोठे. अमेरिकेत टेली-एचएफ नावाचा झाला, २०१० साली प्रसिद्ध, १,६५३ रुग्ण. रुग्णांनी रोज एका स्वयंचलित फोन यंत्रणेला फोन करून त्रास आणि वजन सांगायचं. फायदा शून्य. परत भरती होणं कमी झालं नाही, मृत्यूही नाही. जर्मनीत टीआयएम-एचएफ२ झाला, २०१८ साली प्रसिद्ध, १,५७१ रुग्ण. तिथे वजन, बीपी, ईसीजी रोज एका केंद्रात जायचं आणि त्या केंद्रात डॉक्टर-नर्स रात्रंदिवस खरेच बसलेले होते, रुग्णाला ओळखत होते. तिथे अनपेक्षित भरतीत वाया गेलेले दिवसही कमी झाले आणि मृत्यूही. दोन अभ्यासांत फरक बरेच आहेत, पण मला तरी डोळ्यात भरतो तो पलीकडे बसलेला माणूस.

म्हणून काउंटरवरच्या मुलीला एवढंच विचारा: रात्री ११ वाजता आकडा लाल झाला तर कोण उठतं, आणि ते उठून कुणाला फोन करतं?

---

पळसफूल | ५ जुलै, दुपारी १:२०

डॉक्टरसाहेब, विचारलं. उत्तर आलं, "अॅपवर तुम्हालाच नोटिफिकेशन येईल मॅडम." म्हणजे चोवीस तास मॉनिटरिंग मीच करायचं, पैसे देऊन, पुण्यातून.

---

तारायंत्र | ५ जुलै, दुपारी २:०२

हाहा. क्षमस्व, हसू नये, पण मी याच धंद्यात होतो आणि बहुतेक ठिकाणी हेच असतं.

तंत्राच्या दोन गोष्टी. एक, मशीन ब्लूटूथने फोनला बोलतं आणि फोन नेटने पुढे पाठवतो. तुमच्या घरी दिवसा फोनच वावरात असेल तर मशीन कुणाशी बोलणार? घ्यायचंच असेल तर असं घ्या, ज्याच्या स्वतःच्या आठवणीत जुने आकडे राहतात.

दोन, विदर्भातला मे महिना. शुगरच्या पट्ट्यांच्या डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ३० अंशांच्या खाली ठेवा. ब्रँडप्रमाणे थोडं इकडेतिकडे. टिनाच्या छपराखाली, फळीवर, ४५ अंशात ठेवलेल्या पट्ट्या काय वाट्टेल ते दाखवतात. अकोल्यात मामांची शुगर एका दुपारी ३१०, लॅबमध्ये १८०. मशीनला शिव्या घातल्या, दोष पट्ट्यांचा होता.

अवांतर: दुरून तपासणीचं खूळ नवं नाही. ईसीजीचं यंत्र ज्याने व्यवहारात आणलं, त्या आइंटहोव्हेनने १९०५ मध्येच हॉलंडमधल्या लायडनला दवाखान्यातल्या रुग्णाचा ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत घेतला होता, दीड किलोमीटर. कारण तेव्हा यंत्र इतकं अवजड होतं की ते रुग्णाकडे नेणं शक्यच नव्हतं. आपल्याकडे आज यंत्र खिशात मावतं आणि रेंज मावत नाही.

---

निवृत्त_तलाठी | ५ जुलै, संध्याकाळी ६:४८

सगळं वाचलं. आता कडू बोलतो.

३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी भागात २० हजारांमागे एक, हा निकष मी नोकरीत शंभरदा वाचला. इमारती झाल्या. रंगही दिला. डॉक्टरचं क्वार्टर कुलपात. ज्या गावात माणूस टिकवता येत नाही तिथे त्याचा फोटो पाठवायचा, याला टेलिमेडिसिन म्हणतात. शहरातल्यांना चालेल का हो? पुण्यात कुणाच्या छातीत दुखलं तर व्हिडिओ कॉल लावाल?

आणि कागदोपत्री "गावात तज्ज्ञ डॉक्टर उपलब्ध" अशी नोंद झाली की रिकाम्या जागेची फाइल कुणी उघडत नाही. ही माझी खरी भीती आहे.

---

उपकेंद्र_डायरी | ५ जुलै, रात्री ११:३०

तलाठीकाका, तुमची भीती खोटी नाही. पण मी त्या व्हिडिओ कॉलच्या गावाकडच्या टोकाला बसते, तर तिथलं सांगते.

मी समुदाय आरोग्य अधिकारी, गडचिरोली जिल्ह्यात, उपकेंद्रावर. बीएएमएस, नंतर सहा महिन्यांचा कोर्स. आमच्याकडे ई-संजीवनी आहे. केंद्र सरकारची सेवा, मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेने बनवलेली. हिचे दोन प्रकार आहेत आणि लोक नेहमी घोळ करतात. एकात पेशंट माझ्यासमोर असतो आणि मी वरच्या डॉक्टरला लावते, हे २०१९ च्या शेवटी सुरू झालं. दुसऱ्यात पेशंट घरून स्वतःच्या फोनवरून थेट डॉक्टरशी बोलतो, ते एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये आलं. पळसफूलताई, आईबाबांना जमेल तो पहिला. तुमच्या गावच्या उपकेंद्राची चौकशी करा.

काय चांगलं चालतं? कातडीचे आजार. फोटो दिसतो, गोळी-मलम ठरतं, दोनदा बस बदलून जाणं वाचतं. बीपी-शुगरच्या जुन्या पेशंटचा डोस बदलणं. मानसोपचार तर फारच. तालुक्याच्या ठिकाणी त्या खोलीबाहेर बसायला बाया लाजतात, माझ्याकडे "बीपी पाहायला" म्हणून येतात आणि बोलून जातात.

काय चालत नाही? पोट. पोटाला हात लावल्याशिवाय कळत नाही. आणि भाषा. आमच्याकडे आजी माडिया ही आदिवासी बोली बोलते, आशाताई ते मला मराठीत सांगते, मी डॉक्टरला अर्धं इंग्रजीत. आजी पाच मिनिटं हातवारे करून बोलली आणि आशाताईने सांगितलं, "दुखते म्हणते." पलीकडचा डॉक्टर काय लिहिणार? पॅरासिटामॉल.

एक आजोबा तर टॅबसमोर टोपी सरळ करून, छाती काढून ताठ उभे राहिले. फोटो काढतेय असं वाटलं त्यांना. डॉक्टर म्हणतात श्वास घ्या, आजोबा श्वास रोखून.

आणि औषध. वरच्या डॉक्टरने लिहिलेलं माझ्या कपाटात नसलं की सगळं मुसळ केरात. आता मी कॉल लावायच्या आधीच कपाटातली यादी सांगते, मग त्यातलंच लिहितात.

---

जुना_स्टेथो | ६ जुलै, सकाळी ६:५०

ताई, तुम्हाला सलाम. तलाठीसाहेबांनाही, कारण चूक ते नाहीत.

फक्त एक जोडतो. "डॉक्टर नाही तर काहीच नाही" हेही आपल्याच विदर्भाने खोटं ठरवलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं, घरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं. त्यांच्याकडे श्वास मोजायचं साधं साधन होतं, वाळूचं घड्याळ आणि मणी. फार मोजता न येणाऱ्या दाईनेही बाळाचा श्वास मोजावा, दहा श्वास झाले की एक मणी सरकवावा, आणि मिनिटात मणी ठरल्याजागी पोहोचले की न्यूमोनिया ओळखावा. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, २०११ पासून घरी जाऊन बाळ तपासण्याचं काम देशभर आशांकडे आलं. ब्लूटूथ नव्हतं त्यात. पण आकडा कळल्यावर काय करायचं ते त्या बाईला शिकवलेलं होतं आणि औषध तिच्याच पिशवीत होतं.

---

निवृत्त_तलाठी | ६ जुलै, सकाळी ९:१०

मान्य. पण त्या आरोग्यदूत गावात *राहत* होत्या. माझं म्हणणं तेच आहे.

---

वऱ्हाडी_ठेचा | ६ जुलै, सकाळी ९:३४

काका, तुमी रिटायर झाले तरी शेरा मारणं नाई सोडलं :)

एक गंभीर. आमच्याकडे फवारणीचे दिवस येऊन राह्यले. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात काय झालं थे साऱ्याइले माहीत हाय. पऱ्हाटी म्हंजे कापूस डोक्याच्या वर, खालून वर कीटकनाशकाचा फवारा, अन् माणसं दवाखान्यात. तवा फवारताना मळमळ, घाम, डोळ्यापुढं अंधारी, तोंडाले लाळ असं झालं तं फोनवर डॉक्टर शोधत बसू नका. कपडे काढा, साबणानं धुवा, १०८ लावा, अन् फवारणीच्या औषधाचा डबा संग न्या. डॉक्टरले नाव वाचता आलं पाहिजे. साप चावला तरी फोनवर डॉक्टर शोधू नका, सरळ १०८ लावा. थे व्हिडिओ कॉलचं काम नोहे.

---

उपकेंद्र_डायरी | ६ जुलै, सकाळी १०:०२

+१. धाग्याच्या वर चिकटवून ठेवावं असं.

---

कायदेपंडित_नाही | ६ जुलै, दुपारी ४:१५

फोनवर दिलेलं प्रिस्क्रिप्शन चालतं का हो? आमचा मेडिकलवाला "ओरिजिनल कागद आणा" म्हणतो.

---

जुना_स्टेथो | ६ जुलै, रात्री ८:४०

चालतं. २५ मार्च २०२० ला केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यानुसार नोंदणीकृत डॉक्टरने सही-नोंदणीक्रमांकासह पाठवलेला फोटो किंवा पीडीएफ वैध आहे. औषधांच्या याद्या आहेत. काही फोनवरही सांगता येतात, काही पहिल्यांदा द्यायची तर व्हिडिओवर पेशंट पाहूनच, काही फक्त जुन्या पेशंटला, आणि नशेची वा तशी कडक बंधनाची औषधं अजिबात नाहीत. पळसफूल, यातलं तुमच्या कामाचं एवढंच की एकदा समोर दाखवलेल्या डॉक्टरकडून पुढचा पाठपुरावा फोनवर करणं कायद्यालाही सोपं जातं आणि डॉक्टरच्या मनालाही. न पाहिलेल्या पेशंटच्या दमावर फोनवर गोळी लिहायला माझाही हात धजत नाही. म्हणून नागपूरपेक्षा यवतमाळचा एखादा फिजिशियन धरा. चाळीसेक किलोमीटरवर आहे, महिन्याला एकदा जाता येईल.

---

पळसफूल | २८ जुलै, रात्री १०:०५

अपडेट. पॅकेज घेतलं नाही. गावी जाऊन आले आठवडाभर.

साधा डिजिटल वजनकाटा, दंडाचं बीपी मशीन (मनगटाचं घेऊ नका असं सगळ्यांनीच सांगितलं) आणि पोस्टकार्डाएवढा कागद, ज्यावर यवतमाळच्या डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलंय: बाबांचं कोरडं वजन (अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं) ५८.४. दोन दिवसांत सव्वा किलो वाढलं तर फोन करा, पाण्याची गोळी (लघवीवाटे पाणी काढणारी) किती दिवस वाढवायची ते फोनवर सांगेन. बसल्याजागी दम लागला तर फोन नको, गाडी काढा. तो कागद आईने गॅसच्या वर भिंतीला चिकटवलाय. म्हणाली, तिथे माझी नजर दहादा जाते.

पहिल्याच आठवड्यात फजिती. मी पुण्याला पोचते न पोचते तोच फोन, बाबांचं वजन एका दिवसात पावणेतीन किलो *कमी*. मी घामाघूम. चुलत भावाला व्हिडिओ लावायला सांगितला तर काटा माजघरातून ओसरीत आलेला, आणि ओसरी सारवलेली! एक पाय जमिनीत रुतलेला. "माजघरात अंधार होता म्हणून आणला," असं आई म्हणाली. आता मागच्या दाराशी शहाबादी फरशीचा तुकडा बसवलाय, काटा त्याच्यावरच. बाबा त्याला "तुमचा पाट" म्हणतात.

आकडा आई कॅलेंडरवर लिहिते, एकादशीच्या खाली ५८.६, प्रदोषाच्या खाली ५८.५. मग मला मिस कॉल. मी लावते आणि आकडा विचारते. "बरं आहे का" विचारत नाही. चमत्कारिक गोष्ट म्हणजे आकडा सांगून झाल्यावर ती आपणहून बोलते, की काल बाबा जिना चढताना थांबले होते वगैरे.

---

तारायंत्र | २८ जुलै, रात्री १०:३२

सारवलेल्या जमिनीचा मुद्दा कुठल्याही कंपनीच्या माहितीपुस्तिकेत वाचला नव्हता. नोंद केली.

मिस कॉल उत्तम. जिथे नेट मरतं तिथेही पुष्कळदा साधा कॉल लागतो.

---

निवृत्त_तलाठी | २९ जुलै, सकाळी ८:००

आणि आई आजारी पडली तर कॅलेंडर कोण लिहिणार? सगळी यंत्रणा एका बाईच्या जिवावर.

---

पळसफूल | २९ जुलै, सकाळी ८:२१

काका, बरोबर आहे. उत्तर नाही माझ्याकडे. चुलत भावाच्या मुलीला, सातवीत आहे, शिकवलंय. ती आजोबांना काट्यावर रागावते.

---

पळसफूल | ५ सप्टेंबर, रात्री ९:१५

पोळा झाला. घरी पुरणपोळी, कढी, भजी, आणि बाबांनी आईची नजर चुकवून लोणच्याची बरणी गाठली. दुसऱ्या दिवशी ५९.२, तिसऱ्या दिवशी ५९.९. पायाला सूज नाही, दम नाही, बाबांच्या मते काहीच नाही. आईने कागद पाहिला आणि मला न विचारता थेट डॉक्टरांना फोन लावला. आशाताईंनी येऊन बीपी पाहिलं, १३८/८४, ते फोनवर कळवलं. डॉक्टरांनी पाण्याची गोळी तीन दिवस वाढवली, मीठ बंद, आठवड्याने रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायला सांगितलं. आज सकाळी ५८.७.

मला हे सगळं दुसऱ्या दिवशी कळलं. थोडा रागच आला, खरं सांगते. मग आठवलं की मी हेच मागत होते.

---

जुना_स्टेथो | ६ सप्टेंबर, सकाळी ६:५५

रक्ततपासणी चुकवू नका, बाकी काही म्हणत नाही. लोणच्याची बरणी उंच फळीवर.

---

उपकेंद्र_डायरी | ६ सप्टेंबर, सकाळी ७:४०

आशाताईंना त्या फेरीचे वेगळे पैसे मिळत नसणार. एक चहा तरी पाजा माझ्याकडून.

---

पळसफूल | ६ सप्टेंबर, सकाळी ८:०५

चहा झाला, पोळ्याही दिल्या होत्या बांधून. त्या जाताना म्हणाल्या, काटा चांगला आहे, गावातल्या दोन गरोदर बायांना इथेच आणू का वजनाला? आई हो म्हणाली. आता रोज सकाळी मागच्या दाराशी गर्दी आणि बाबांची कुरकूर, की माझा नंबर आधी.

---

वऱ्हाडी_ठेचा | ६ सप्टेंबर, सकाळी ८:२०

काट्याचे सेल कोन आनून देते मंग?

---

पळसफूल | ६ सप्टेंबर, सकाळी ८:२४

परवाच संपले. आर्णीच्या बाजारातून भाऊ घेऊन येतोय, चार जास्तीचे सांगितलेत.